नरडं

सातवीच्या भूगोलात झोपे सरांनी
फळ्यावर डमरू काढलं होतं.
दोन फुगीर बाजू, मध्ये बारीक कंबर.
कंबरेवर बाण मारून लिहिलं: संयोगभूमी.
दोन भूभागांना जोडणारी चिंचोळी पट्टी.
उदाहरणार्थ पनामा. उदाहरणार्थ सुएझ.
लिहा.

आम्ही लिहिलं.
उखर्डू कोळ्याच्या लीलाधरनं लिहिलं नाही.
तो खिडकीबाहेर बघत होता,
जिथे हतनूरचं पाणी शेतांत शिरून
गावाला तीन बाजूंनी चाटत होतं
आणि चौथ्या बाजूला
एका बैलगाडीपुरती जमीन उरली होती
केळीच्या बागांकडे जायला.
"सर, ते आमचं नरडं."
वर्ग हसला. सरही हसले,
मग खडू ठेवून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

आता माझं काम शब्दांचं.
जळगावात एक खोली, खोक्यांत चिठ्ठ्या,
प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, अर्थ, मूळ.
संयोगभूमीच्या चिठ्ठीशी तीन दिवस अडले आहे.
सम् अधिक युज्: जोडणं, जुंपणं.
बैलाच्या मानेवरचं जूही ह्याच घरातलं.
तरी शब्द सोवळा,
कुणीतरी टेबलाशी बसून घडवलेला,
त्याच्या पायाला चिखल नाही.
ग्रीकांना विचारलं तर ते सांगतात: मान.
म्हणजे त्यांनीही आधी स्वतःचा गळा चाचपला
आणि मग समुद्राकडे पाहिलं.
काहींच्या मते त्या शब्दाच्या तळाशी 'जाणं' आहे.
जिथून जाता येतं, ती जागा.

इतका वळसा घालून मी पोचले
तिथे लीलाधर मागच्या बाकावर
आधीच बसलेला.

आश्विनात धरण भरलं की नरडं आवळतं.
त्याची आजी गेली त्या वर्षी
खांदेकरी चौघे मावेनात.
दोघांनीच नेली, एक पुढे, एक मागे.
मडकं धरलेला उखर्डूअण्णा सगळ्यांच्या पुढे,
बाकी गाव एकामागे एक,
डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला पाणी,
रडताना टेकायला कुणाला शेजारी नव्हता.

वैशाखात तिथेच मैदान होतं.
पोरं स्टंप रोवतात, म्हशी बसतात,
आणि त्याला कुणी नरडं म्हणत नाही.
शब्दसुद्धा धरणाबरोबर चढतो, ओसरतो.
आमच्या चिठ्ठीवर महिना लिहायला रकाना नाही.

परवा गेले होते. लीलाधर आता
केळीचे ट्रक भरून देतो, केसांत पांढरं आलंय,
खांद्यावर चिकाचे काळे डाग, न जाणारे.
म्हणाला, "कापलाच ना मंग तो पनामा?"
हो, म्हटलं. सुएझसुद्धा.
"जोडते म्हनून पुस्तकात लिवलं,
अन् जहाजाइले जागा पाह्यजे म्हनून चिरलं."
मी काही बोलले नाही.
पाण्याच्या बाजूनं पाहिलं
तर तीच पट्टी म्हणजे भिंत.
ह्या अंगाचा कटला आणि त्या अंगाचा कटला
एका हाकेवर पोहतात,
भेटतात ते थेट जाळ्यात.
माशांचा शब्द कुणी टिपून घेतलेला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं नरड्यावरून निघालो.
तो पुढे, मी मागे, बोलणं त्याच्या पाठीशी.
डमरू आठवलं,
आणि तेव्हा न सुचलेलं एक सुचलं,
की वाजवणारा त्याला धरतो
ते बरोबर ह्याच जागी.
हे त्याला सांगणार
तोच समोरून उखर्डूअण्णांची शेळी आली,
गाभण, आडवी सुटलेली,
मधोमध येऊन उभी राहिली
आणि आमच्याकडे बघत रवंथ करू लागली.

अशा जागी एकाला मागे सरावं लागतं.
आम्ही सरलो.